ऐतिहासिक पाककृतींवरून स्वयंपाक

जुन्या काळी लिहून ठेवलेली एखादी पाककृती घ्यायची आणि त्या काळचे जिन्नस, भांडी व विस्तव यांच्या शक्य तितके जवळ राहून ती आज पुन्हा करून पाहायची, याला ऐतिहासिक पाककृतींवरून केलेला स्वयंपाक म्हणतात. अन्नाच्या इतिहासाची ही प्रायोगिक बाजू. हौशी मंडळी, संग्रहालये, पुरातत्त्वज्ञ, भाषाभ्यासक, व्यावसायिक आचारी असे सगळेच यात असतात आणि प्रत्येकाचा हेतू निराळा असतो. कुणाला चव हवी असते, कुणाला अडलेल्या शब्दाचा अर्थ, तर कुणाला उत्खननात सापडलेल्या भांड्याच्या तळाशी काय शिजले होते याचा खुलासा. अडचण मात्र सगळ्यांची एकच: जुनी कृती बहुधा शिकवण्यासाठी लिहिलेलीच नसते. ज्याला स्वयंपाक आधीच येतो त्याच्यासाठी ते एक टिपण असते. त्यात लिहिलेले थोडे आणि गृहीत धरलेले फार.

साधने

हाती असलेल्या सर्वांत जुन्या लिखित पाककृतींपैकी काही मेसोपोटेमियाच्या आहेत. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात अक्कडी भाषेतल्या मातीच्या पाट्या आहेत. त्यांचा काळ सुमारे इ. स. पू. 1730 मानला जातो. त्यांपैकी एका पाटीवर 25 रश्श्यांच्या कृती आहेत आणि बहुतेक कृती दोन-चार ओळींत आटोपतात. फ्रेंच अभ्यासक ज्याँ बोतेरो यांनी 1980 च्या दशकात त्यांचे वाचन केले. बोतेरो स्वतः चांगले स्वयंपाकी होते, तरी हे जेवण फार तर शत्रूला वाढावे असे त्यांचे मत पडले. पुढे येल आणि हार्वर्डच्या अभ्यासकांनी, त्यांत स्वयंपाक जाणणारेही होते, याच पाट्यांवरून 2018 मध्ये पदार्थ शिजवले, तेव्हा लसूण, कांदा आणि लीक ही कांद्याच्या कुळातली भाजी घातलेले हे रस्से अगदी खाण्याजोगे निघाले. पाट्या त्याच होत्या. शब्दांचे अर्थ आणि शिजवणारे हात बदलले होते.

रोमन स्वयंपाकाचे मुख्य साधन म्हणजे आपिकिउसच्या नावावर असलेला लॅटिन संग्रह. त्याची आज मिळणारी संहिता साधारण चौथ्या-पाचव्या शतकात जुळवलेली असावी. चीनमध्ये सहाव्या शतकात जिया सशिए नावाच्या लेखकाने शेतीवर लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात आंबवण्याच्या पद्धती अत्यंत बारकाईने दिल्या आहेत. बगदादमध्ये दहाव्या शतकात इब्न सय्यार अल्-वर्राक याने आणि 1226 मध्ये अल्-बगदादी याने अरबी पाकसंग्रह लिहिले. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त ‘अन्नभोग’ असे स्वतंत्र प्रकरण आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या मुदपाकखान्यातील कृतींचा संग्रह 1390 च्या सुमाराचा. यादी आणखी बरीच वाढवता येईल, पण तिचा कल एकाच बाजूला राहील. हे जवळजवळ सगळे दरबारचे, नाहीतर श्रीमंताघरचे अन्न आहे.

गरिबांचे रोजचे जेवण कुणी लिहून ठेवले नाही. ते शोधायचे तर पाककृतींच्या बाहेर जावे लागते: लष्करी छावण्यांच्या शिधायाद्या, मठांचे हिशेब, मृताच्या घरातील भांड्यांची मोजदाद, उकिरड्यातली हाडे, जळून कोळसा झालेले धान्य. हरियाणातील फरमाना या सिंधू संस्कृतीच्या स्थळी भांड्यांवर आणि मानवी दातांवर हळद व आले यांचे पिष्टकण ओळखता आले. तिथली लिपी वाचता येत नसल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हे कळले नसते. ज्यांनी प्रत्यक्ष रांधले त्यांची नावेही कागदावर क्वचितच येतात. टॉमस जेफरसनच्या घरचा गुलाम आचारी जेम्स हेमिंग्ज पॅरिसमध्ये फ्रेंच स्वयंपाक शिकला. त्या घरच्या जेवणाची कीर्ती बराच काळ एकट्या मालकाच्या नावावर राहिली.

एक कृती जवळून

काम कसे चालते ते एका उदाहरणाने पाहू. आपिकिउसच्या संग्रहात नाशपातीचा एक पदार्थ आहे. मूळ मजकुराचा आशय एवढाच: उकडलेल्या, मधला गाभा काढलेल्या नाशपाती मिरी, जिरे, मध, मनुकांची गोड वाइन, माशांचे खारे पाणी आणि थोडे तेल यांच्याबरोबर वाटा, अंडी घालून पातिना करा, वर मिरी भुरभुरा आणि वाढा. संपले.

नाशपाती किती, अंडी किती, याचा पत्ता नाही. ‘पातिना’ हे पसरट भांड्याचेही नाव आहे आणि त्यात होणाऱ्या पदार्थाचेही, त्यामुळे भांडे विस्तवावर ठेवायचे, भट्टीत घालायचे, की झाकणावरही निखारे ठेवून खालून-वरून आच द्यायची, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. तिन्ही रीतींनी पदार्थ होतो, पण तीन वेगळे पदार्थ होतात. फक्त खालून आच दिली तर तळ लागतो आणि मधला भाग ओलसर राहतो. दोन्हीकडून दिली तर तो खरवसासारखा सुरीने कापता येतो. ‘अंडी घालून’ म्हणताना नाशपातीचा लगदा गार केला होता का, हेही लिहिलेले नाही. कढत लगद्यात अंडी ओतली तर ती तिथेच गोठून गुठळ्या होतात. हे कोणत्याही रोमन आचाऱ्याला माहीत असणारच, म्हणून लिहिले नाही.

आजच्या पुस्तकांत या पदार्थाची मापे छापलेली दिसतात. ती सगळी आजच्या माणसांनी ठरवलेली आहेत. त्यात वाईट काही नाही, पण कोणता आकडा मुळातला आणि कोणता आपला हे सांगितलेले नसेल तर ती कृती इतिहास म्हणून कुचकामी ठरते. बरेच आधुनिक लेखक माशांचे पाणी गुपचूप गाळून टाकतात, कारण गोडात मासा ही कल्पना वाचकाला झेपणार नाही असे त्यांना वाटते. खरे तर ते मिठाच्या जागी असते. बेताने घातले तर माशाचा वास राहत नाही आणि गोडी उठून येते. जी गोष्ट विचित्र वाटते तीच आधी काढून टाकायची हा मोह या छंदातला सर्वांत मोठा शत्रू आहे.

मापे आणि वेळ

वजने सापडली तरी निश्चिंत होता येत नाही. रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा, आजचा 454 ग्रॅमचा. इंग्लंडमध्ये 1824 च्या कायद्याने नवे गॅलन आले आणि पिंट 568 मिलिलिटरचा झाला. त्याआधी वाइनचा पिंट सुमारे 473 मिलिलिटर होता आणि अमेरिकेने तोच ठेवला. म्हणजे एकाच भाषेतल्या दोन पुस्तकांत एकाच नावाचे माप पाचव्या हिश्श्याने बदलते. ‘अक्रोडाएवढे लोणी’ हे माप त्या मानाने जास्त भरवशाचे, अक्रोड फारसा बदललेला नाही. घड्याळ नसताना वेळ प्रार्थनेने मोजत. पंधराव्या शतकातला इटालियन आचारी मार्तिनो ठरावीक प्रार्थना म्हणून होईपर्यंत शिजवा असे सांगतो. जिन्नस, प्रमाण आणि वेळ कृतीपासून वेगळे काढून देण्याची रीत इंग्रजीत एलायझा ॲक्टन हिने 1845 मध्ये रूढ केली, आणि सपाट चमचा-कपाचा आग्रह बोस्टनच्या फॅनी फार्मरने 1896 मध्ये धरला. आपल्याला जी ‘पाककृती’ वाटते ती इतकी अलीकडची आहे.

नाहीसे झालेले आणि बदललेले जिन्नस

काही जिन्नस कायमचे गेले. आजच्या लिबियातील किरेनी इथे उगवणारी सिल्फियम ही वनस्पती रोमनांना अतोनात प्रिय होती. तिची शेवटची काडी नीरो बादशहाला नजर केली गेली असे प्लिनी सांगतो. तिची जागा इराणकडून येणाऱ्या हिंगाने घेतली. रोमन लोक त्याला हलक्या प्रतीचा पर्याय मानत. म्हणून रोमन कृती करणारे आज हिंग वापरतात तेव्हा ती तडजोड आधुनिक नसते, रोमनांनी स्वतःच केलेली असते.

काही जिन्नस पुन्हा बनवून पाहावे लागले. मध्ययुगीन अरबी कृतींमध्ये ‘मुर्री’ नावाचे खारे द्रव्य वारंवार येते. काही अभ्यासक त्याला रोमनांच्या गारुमसारखा माशांचा अर्क समजत. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स पेरी यांनी ग्रंथात सांगितल्याप्रमाणे जवाच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून आठवडेच्या आठवडे बुरशी येऊ दिले, वाळवून दळले, मीठ-पाणी घालून पुन्हा मुरत ठेवले. हाती आले ते सोया सॉसच्या चवीचे काळे पाणी. शब्दकोश चाळून न सुटलेली गोष्ट बुरशीने सोडवली.

पण खरा घोळ नाहीशा झालेल्या जिन्नसांत नसतो. नाव तेच राहून जिन्नस बदलतो तिथे असतो. जुने गाजर जांभळे, पिवळे किंवा पांढरे होते. नारिंगी गाजर युरोपात सतराव्या शतकाच्या आसपास सर्वसाधारण झाले. आजची कोंबडी काही आठवड्यांतच कापायला तयार होते, त्यामुळे जुन्या कृतीत सांगितलेले तासन् तास उकळणे तिला सोसत नाही. अंडी लहान असत, म्हणून अठराव्या शतकातल्या केकमध्ये वीस-वीस अंडी दिसली तर दचकू नये. जात्यावरच्या पिठात कोंड्याचा अंश राही आणि ते पाणी वेगळ्याच प्रमाणात पिई. शिवाय 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच्या आशिया-युरोप-आफ्रिकेतल्या कोणत्याही कृतीत मिरची, टोमॅटो, बटाटा, मका आणि कोको यांना जागा नाही, ही पहिली चाळणी.

पदार्थांचेही तसेच. ‘मानसोल्लासा’तील ‘इड्डरिका’ हे आजच्या इडलीचे पूर्वरूप मानले जाते, पण त्या कृतीत फक्त उडीद आहे, तांदूळ नाही. रिचर्डच्या आचाऱ्यांचे ‘ब्लांक मांग’ म्हणजे बदामाच्या दुधात शिजवलेला भात, त्यात कोंबडीच्या छातीचे तंतू, साखर आणि वरून तळलेले बदाम. त्याच्या वंशातला आजचा युरोपीय ब्लांमांज निव्वळ दुधाचे गोड आहे. तुर्कस्तानात कोंबडीचे तंतू घातलेली दुधाची मिठाई मात्र अजून खाल्ली जाते, आणि ज्यांना मूळ पदार्थ अशक्य वाटतो त्यांनी ती खाऊन पाहावी.

विस्तव

पुस्तकात मसाला मिळतो, विस्तव मिळत नाही. ‘भाजा’ या एका शब्दाखाली केवढा फरक दडतो ते लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात दिसते. तिथल्या आठव्या हेन्रीच्या काळच्या मुदपाकखान्यात जुन्या पद्धतीने स्वयंपाक करून दाखवला जातो. मांसाची सळई ज्वाळेच्या वर नसते, समोर असते. चरबी आगीत न पडता खालच्या ताटात पडते, म्हणून धूर आणि जळका वास लागत नाही. सळई सतत फिरवावी लागते, आणि फिरवणारा जवळजवळ त्याच आचेत भाजून निघतो. बंद ओव्हनमध्ये केलेले मांस या अर्थाने भाजलेले नसतेच. पावाच्या भट्टीत जाळ आतच करून निखारे ओढून काढत आणि साठलेल्या उष्णतेवर आधी पाव, मग सारण भरलेल्या ‘पाई’ आणि शेवटी सौम्य आच लागणारे पदार्थ लावत. एका तापमानावर पाऊण तास अशी सूचना त्या भट्टीला लागूच पडत नाही, ती सुरुवातीपासून निवतच असते.

रूढ समज

मध्ययुगीन युरोपात सडक्या मांसाची दुर्गंधी लपवण्यासाठी मसाले वापरत, हा समज अजून छापला जातो. तो हिशेबातच बसत नाही. मिरी, दालचिनी, केशर दूरवरून येत आणि मांसापेक्षा कितीतरी महाग पडत. ज्याला ते परवडत त्याला ताजे मांस सहज परवडे. मसाले घालण्यामागे ऐपत दाखवणे होते आणि प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेन याच्या परंपरेतले वैद्यकही होते. प्रत्येक अन्न उष्ण की शीत, कोरडे की ओले, हे ठरवून उलट गुणाची चटणी जोडली जाई. आयुर्वेदाच्या परिचयामुळे ही विचारसरणी आपल्या वाचकाला परकी वाटू नये.

धोके

जुने ते सगळे निर्धोक, ही समजूत स्वयंपाकात महागात पडते. रोमन लोक द्राक्षरस आटवायला शिशाची भांडी पसंत करत, त्यामुळे रसात शिसे उतरे. लोणच्याला हिरवा रंग यावा म्हणून ते तांब्यात उकळण्याच्या सूचना अठराव्या शतकात सर्रास मिळतात. तो हिरवेपणा तांब्याच्या क्षारांचा असतो. कडू बदामातून सायनाइड सुटते. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीचे तेल यकृताला घातक आहे. मुर्रीसारख्या प्रयोगात कोणती बुरशी बसेल यावर ताबा नसल्याने अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होण्याची भीती राहते. बरण्यांमध्ये भाज्या-मांस साठवण्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीही वापरू नयेत, बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू साध्या उकळण्याने मरत नाही. अशा कृती वाचायला उत्तम. करायच्या असतील तर भांडे स्टीलचे घ्यावे, कडू बदामाऐवजी गोडे बदाम घ्यावेत, आणि जिथे बदल केला तिथे तो वहीत मूळ कृतीच्या शेजारी लिहावा.