१९६७ च्या सार्वमताची पार्श्वभूमी: जेसी स्ट्रीट यांचा अर्ज

ऑस्ट्रेलियातील कार्यकर्त्या जेसी स्ट्रीट यांची आठवण निघाली की २७ मे १९६७ च्या सार्वमताचा विषय येतो, आणि त्या दिवशी ऑस्ट्रेलियातील आदिवासींना मताधिकार मिळाला असे हमखास सांगितले जाते. ते खरे नाही. केंद्रीय निवडणुकीतला मताधिकार १९६२ च्या कायद्याने आधीच सर्वांना मिळाला होता. सार्वमत होते घटनेतल्या दोन कलमांवर.

कलम १२७ नुसार देशाची लोकसंख्या धरताना आदिवासी मोजायचे नव्हते. ते रद्द करायला फारशी खळखळ झाली नाही. खरा पेच कलम ५१ च्या २६ व्या पोटकलमाचा. कोणत्याही वंशासाठी 'खास कायदे' करण्याचा अधिकार त्यात केंद्राला होता, 'राज्यांतील आदिवासी वंश वगळून'. म्हणजे आदिवासी राज्यांच्या हवाली; राहायचे कुठे, लग्न कोणाशी, मजुरीचे पैसे कोणाच्या हाती, सगळे राज्यागणिक वेगळे.

रांचीत १८८९ साली जन्मलेल्या आणि आयुष्यभर स्त्रीहक्कांसाठी झगडलेल्या स्ट्रीट यांनी लंडनमधल्या गुलामगिरीविरोधी संस्थेत काम करताना हा प्रश्न हाती घेतला. घटना बदलल्याशिवाय काही हलणार नाही, हे त्यांनी अचूक हेरले. एका वकील महिलेच्या साथीने त्यांनी अर्जाचा मसुदा केला. २९ एप्रिल १९५७ रोजी सिडनी टाऊन हॉलमधल्या सभेत सह्यांची मोहीम सुरू झाली. पुढे १९६२ च्या दुसऱ्या अर्जावर सुमारे १ लाख सह्या जमल्या.

सरकारने शेवटी वगळणारे शब्द तेवढे खोडण्याचा प्रस्ताव सार्वमताला ठेवला. कायदे आदिवासींच्या हिताचेच असावेत, असे घालण्याचा प्रस्ताव १९६६ मध्ये एका खासदाराने मांडला होता. तो मानला गेला नाही. माझ्या मते इथेच घात झाला. मतपत्रिकेच्या चौकोनात लोकांनी स्वतःच्या हाताने 'होय' लिहिले, ९०.७७ टक्के लोकांनी; पण ज्या केंद्रशासित नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासींची वस्ती मोठी, तिथल्या रहिवाशांना या सार्वमतात मतच नव्हते. १९९८ मध्ये 'खास कायदे' आदिवासींच्या विरोधातही करता येतात का, हा वाद हाय कोर्टात, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयात, गेला. न्यायाधीशांत एकमत झाले नाही. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान द्यायला सहाही राज्यांनी नकार दिला. पोटकलमाचे शब्द १९६७ मध्ये राहिले तसेच आजही आहेत.