उंदीर 'निगेटिव्ह' निघाला म्हणजे काय?

हंताविषाणू म्हणजे उंदरांसारख्या लहान प्राण्यांत राहणारा आणि माणसालाही होणारा विषाणूंचा एक गट. त्याची लागण झालेला उंदीर आजारी दिसत नाही. खातो, पितो, पिल्लं घालतो आणि लघवी, लेंड्या, लाळेतून विषाणू सोडत राहतो. माणसाला हा विषाणू बहुधा वाळलेल्या लेंड्यांच्या धुळीतून, श्वासावाटे गाठतो. म्हणून उंदीर पकडून तपासावाच लागतो, आणि खरी फसगत होते ती प्रयोगशाळेच्या आधीच.

इंदुरात सियागंज, छावनीकडची किराणा-धान्याची गोदामं घ्या. शहर कितीही झाडलं जावो, पोत्यांच्या थप्पीमागे झाडू पोचत नाही. तिथला उंदीर नव्या वस्तूला बुजतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्री पिंजऱ्याचं दार बांधून आत नुसतं आमिष ठेवायचं: शेंगदाण्याचं कूट, गूळ, भज्याचा तुकडा. मग संध्याकाळी लावायचा आणि उजाडताच उचलायचा. उन्हात राहिलेल्या पिंजऱ्यात उंदीर मरतो, आणि मेलेल्या उंदरातला विषाणूचा आरएनए, म्हणजे तपासणीत शोधतात ते त्याचं जनुकीय द्रव्य, झपाट्याने नासतो. यंत्र मग प्रामाणिकपणे 'निगेटिव्ह' सांगतं.

किती पकडले यापेक्षा किती पिंजरे किती रात्री लावले हे महत्त्वाचं. 100 पिंजरे 3 रात्री लावले म्हणजे 300 पिंजरा-रात्री; त्यात 24 उंदीर मिळाले, तर प्रमाण 8 टक्के. हा हिशेब नसेल तर पावसाळ्याची हिवाळ्याशी तुलनाच होत नाही. चिचुंद्री सापडली तर बरेच जण सोडून देतात, कारण ती उंदरांच्या कुळातली नाही. हा आळस महागात पडतो: थोट्टापलायम हा हंताविषाणू 1964 साली वेल्लोरजवळ चिचुंद्रीतच मिळाला होता.

उंदीर मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, एन-95 मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून हाताळायचा. बेशुद्ध करून रक्त, मग फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरहून जाड नको, नाहीतर टिकवण द्रव आतपर्यंत मुरत नाही. द्रव तुकड्याच्या किमान पाचपट हवा. लेबल पेन्सिलीने लिहा, अल्कोहोलने शाई उडते. प्रत्येक उंदराला नवं पातं. नाहीतर एकाचा विषाणू दुसऱ्याच्या नावावर चढतो. नमुने उणे 80 अंशांवर.

रक्तात प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) मिळाली तर लागण होऊन गेली असेल किंवा अजूनही असेल. फुप्फुसात आरएनए मिळाला तर विषाणू आत्ता आहे. पण पिल्लाच्या अंगातली प्रतिपिंडं आईकडून आलेली असू शकतात. वयाचा अंदाज वजनावरून येतो, म्हणून वजन नोंदवल्याशिवाय पॉझिटिव्ह मोजू नये. घुशीचं पिल्लू तर उंदरासारखंच दिसतं. शंका आली की जात जनुकावरून ठरवावी.