चंडोल आणि तिरचिमणी : इंदूरच्या शेतशिवारातील ओळख

चंडोल आणि तिरचिमणी हे शेतात जमिनीवर चरणाऱ्या, साधारण चिमणीच्या आकाराच्या गाणाऱ्या पक्ष्यांचे दोन वेगळे गट आहेत. चंडोलांचे कुल स्वतंत्र आहे, तर तिरचिमणी धोबी पक्ष्याच्या कुलातली. इंदूरभोवतीच्या सांवेर, देपालपूर, महू या भागांतल्या काळ्या जमिनीत दोन्ही एकाच वावरात दिसतात आणि बहुतेक मराठी घरांत दोघांनाही सरसकट ‘चिमणी’ म्हणून मोकळे होतात. खरी चिमणी मात्र टुणटुण उड्या मारते. हे दोघे पाय टाकत चालतात.

दोघांचाही रंग मातकट. जमिनीवर घरटे करणाऱ्याला ढेकळात मिसळून जाणे भागच असते, त्यामुळे रंगावरून ओळखायला जाणारा हमखास फसतो. आधी चाल आणि शेपटी पाहावी, मग चोच, मग उड्डाण. तिरचिमणी सडपातळ, उंच पायांची, बारीक चोचीची. ती चार पावले पळते, ताठ उभी राहते आणि शेपटी खालीवर हलवते. चंडोल बसका, जाड चोचीचा. शेपटी हलवण्याच्या भानगडीत तो पडत नाही. मागच्या बोटाची लांब नखी दोघांनाही असते, त्यामुळे त्या खुणेचा इथे उपयोग नाही.

चंडोलांत सर्वांत सोपा डोंबारी. नराचे पोट व हनुवटी काळी, माथा राखी, गाल पांढुरके. तो फडफडत वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असे वाटत असतानाच पुन्हा वर उसळतो. प्रत्येक सुरकांडीबरोबर एक लांब शीळ. असे कितीदा तरी केल्यावर एखाद्या ढेकळावर उतरतो आणि दिसेनासा होतो. मराठी नाव या कसरतीवरून पडले. हिंदीतले ‘दबक चिडी’ हे नाव त्याच्या दबकून बसण्यावरून आले. एकाच पक्ष्याकडे दोन भाषांनी दोन वेगळ्या क्षणी पाहिले, असे म्हणायला हरकत नाही. मादी मात्र साधी मातकट. चिमणीच्या मादीच्या पाठीवरच्या ठळक रेघा तिच्या अंगावर नसतात. नर जवळपास असेल तर काम सोपे होते.

लालसर शेपटीचा चंडोल नांगरलेल्या काळ्या रानात बसलेला असला की ढेकूळच वाटतो. उडाला की तांबूस शेपटी आणि तिच्या टोकाची काळी पट्टी उघडी पडते. झुडपी चंडोलाची शेपटी आखूड, पंखांत तांबूस रंग. तो झुडपाच्या शेंड्यावरून गात वर जातो आणि पंख वर धरून, पाय लोंबते सोडून सावकाश खाली उतरतो. तुरा असलेल्यांत ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्सने 1832 साली दख्खनमधून वर्णिलेला चंडोल लहान व तांबूस, तर उत्तरेकडचा तुरेवाला चंडोल मोठा, फिकट आणि छातीवर जास्त रेघांचा.

तिरचिमण्यांत बारमाही दिसणारी धान तिरचिमणी, लांबी सुमारे 15 सेंटिमीटर. उडताना बारीक ‘चिप-चिप’ करते. हिवाळ्यात उत्तरेकडून पाहुण्या जाती येतात. त्यांतली रिचर्डची तिरचिमणी मोठी, छाती काढून उभी राहणारी, कर्कश आवाजाची. उतरण्यापूर्वी क्षणभर जागेवरच फडफडते. पिवळट तिरचिमणी फिकट असते, डोळा आणि चोच यांच्यामध्ये गडद रेघ असते आणि प्रौढाच्या छातीवर रेघा जवळजवळ नसतात. ब्लाइथची तिरचिमणी मात्र शेतात उभ्याने नक्की करणे भल्याभल्यांना जमत नाही. वहीत नुसते ‘तिरचिमणी’ लिहिण्यात कमीपणा नाही; खोटी नोंद त्याहून वाईट.

सर्वांत जास्त घोळ पिल्लांचा. त्यांच्या पिसांना फिकट कडा असल्याने अंग खवल्याखवल्यांचे दिसते आणि लहान चंडोल कुठल्याच चित्राशी जुळत नाही.

पाहायला उत्तम काळ सोयाबीन निघाल्यावरचा. रान उघडे पडलेले असते आणि पाहुणे यायला लागलेले असतात. गहू गुडघ्याला लागला की पक्षी बांधावर, पडीक तुकड्यांवर आणि यशवंत सागर जलाशयाच्या काठच्या मोकळ्या जागांकडे सरकतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून बांधावर बसून राहावे. चालणाऱ्या माणसाला हे पक्षी नुसती पाठ दाखवतात.