कुत्र्याचा कान पुन्हा पुन्हा का चिघळतो? यीस्ट आणि ॲलर्जीच्या शंभर वर्षांची पार्श्वभूमी

कान फडफडवणे, मागच्या पायाने खाजवणे, आंबूस वास, आत तपकिरी चिकट मळ. डॉक्टर ड्रॉप्स देतात, आठ-दहा दिवसांत कान स्वच्छ होतो आणि महिन्या-दीड महिन्याने सगळे पहिल्यापासून सुरू. घरात एकच निष्कर्ष निघतो: औषध लागू पडत नाही. मग डॉक्टर बदलला जातो, औषध बदलले जाते, कुणीतरी सुचवले म्हणून कानात खोबरेल तेल जाते.

बहुतेक वेळा औषध लागू पडलेले असते. कानातले यीस्ट (एक प्रकारची सूक्ष्म बुरशी) मेलेले असते. ते ज्या कारणाने माजले ते कारण मात्र शाबूत असते, आणि पुष्कळदा ते कारण म्हणजे ॲलर्जी. आज कोणताही त्वचारोगाचा जाणकार व्हेट हे दोन मिनिटांत समजावून सांगतो. पण पशुवैद्यकाला इथवर यायला जवळजवळ पूर्ण विसावे शतक लागले. यीस्टचा अभ्यास एका बाजूला चालला होता, ॲलर्जीचा दुसऱ्या आणि कानाच्या शस्त्रक्रियेचा तिसऱ्या. या तीन वाटा एकमेकींना मिळाल्या त्या १९८०-९०च्या सुमारास.

यीस्टची गोष्ट माणसाच्या डोक्यातल्या कोंड्यापासून सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ मध्ये टाळूच्या खपल्यांत कोंब फुटणाऱ्या पेशी पाहिल्या. पुढे १८८९ मध्ये या बुरशीच्या कुळाला त्यांच्या नावावरून मालासेझिया म्हणू लागले. कुत्र्यांच्या कानात जी जात सापडते तिचा शोध मात्र कुत्र्यात लागलाच नाही. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय एकशिंगी गेंडा होता, त्याच्या कातडीचे पापुद्रे निघत होते. फ्रेड वाइडमन यांनी ते तपासले आणि १९२५ मध्ये त्यातून वेगळी काढलेली यीस्टची नवी जात नोंदवली. तिच्या नावातले ‘पॅकिडर्मॅटिस’ त्या जाड कातडीच्या जनावरावरूनच आले. आसामात किंवा नेपाळच्या तराईत राहणाऱ्या या प्राण्याचे नाव आज पुण्या-मुंबईच्या लॅबच्या रिपोर्टवर लॅब्रेडॉरच्या कानाखाली छापून येते, हे थोडे गमतीचे आहे.

कुत्र्याच्या कानाशी या यीस्टची ठळक गाठ घातली ती स्वीडनमध्ये. गुस्ताफसन यांनी १९५५ मध्ये कुत्र्यांच्या बाह्यकर्णदाहावर (कानाच्या बाहेरच्या नळीच्या सुजेवर) मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कानातल्या यीस्टला कुत्र्यांचे म्हणून स्वतंत्र नावही दिले. नंतर ते आणि गेंड्याचे यीस्ट एकच असल्याचे ठरले. पण इथेच एक घोळ सुरू झाला आणि तो वीस-पंचवीस वर्षे टिकला. दुखऱ्या कानात यीस्ट सापडे, तसे चांगल्या कानातही सापडे. जो जंतू निरोगी जनावरातही आहे त्याला आजाराचे कारण कसे म्हणायचे? जंतू आणि आजार यांचे एकास एक नाते शोधायची सवय लागलेल्या पिढीला हा पुरावा पटणे अवघड होते. त्यामुळे ‘हे तिथे असतेच, लक्ष देऊ नका’ म्हणणारे आणि ‘हेच मूळ आहे, मारून टाका’ म्हणणारे असे दोन गट पडले. आता मागे वळून पाहिले तर दोघांचेही अर्धे बरोबर होते.

त्वचेच्या बाबतीत ही कोंडी आधी फुटली. बेल्जियममधून १९८३ मध्ये कुत्र्यांच्या जुनाट त्वचादाहामागे हेच यीस्ट असल्याची नोंद आली. ऑस्ट्रेलियात केन मेसन यांच्याकडे येणारी काही कुत्री तेलकट, वास मारणारी आणि सतत खाजवणारी होती. बुरशीविरोधी औषधाने ती सुधारत होती. अशा ११ कुत्र्यांवरचा मेसन आणि एव्हान्स यांचा लेख १९९१ मध्ये आला. त्यानंतर यीस्टमुळे होणारा त्वचादाह हे निदान जगभरच्या दवाखान्यांत रुळले.

ॲलर्जीची वाट अगदीच वेगळीकडून आली. माणसांच्या ॲलर्जीचे डॉक्टर असलेल्या विटिच यांनी १९४१ मध्ये एका कुत्र्याची हकीकत छापली. दर शरद ऋतूत रॅगवीड या तणाचे परागकण उडू लागले की त्या कुत्र्याला ‘हे फीव्हर’, म्हणजे परागांच्या ॲलर्जीची सर्दी होई. पुढे १९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रॉबर्ट श्वार्ट्झमन यांनी कुत्र्यांतल्या ॲटोपीचा (पराग, धूळ यांच्या उपजत ॲलर्जीचा) पाठपुरावा केला, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड हॅलिवेल व सहकाऱ्यांनी कुत्र्यातल्या आयजीई या ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिद्रव्याचा माग काढला. श्वार्ट्झमन यांचे विद्यापीठ फिलाडेल्फियात, म्हणजे तो गेंडा जिथे होता त्याच शहरात. तरी दोन्ही विषयांची गाठ पडायला आणखी पंधरा-वीस वर्षे जावी लागली.

तोवर एक समजूत घट्ट होती की कुत्र्याला ही ॲलर्जी श्वासावाटे होते. माणसाला शिंका येतात, कुत्र्याला खाज सुटते, एवढाच फरक. नंतर लक्ष गेले ते खाजेच्या जागांकडे: पंजे, पोट, काखा, तोंडाभोवती, कानाची पाळी. जिथे केस विरळ आणि जमिनीशी, गवताशी, धुळीशी थेट संबंध. ॲटोपी असलेल्या कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर मुळातच कच्चा असतो आणि धुळीतल्या माइट्सचे (सूक्ष्म किड्यांचे), परागांचे कण त्यातून आत शिरतात, हे चित्र २००० नंतर पक्के होत गेले. कानाची नळी ही त्याच त्वचेची आत गेलेली घडी आहे. त्यामुळे अंगाला ॲलर्जी असताना कान सुटेल, ही अपेक्षाच चुकीची. उलट काही कुत्र्यांत, विशेषतः अन्नाच्या ॲलर्जीत, कान हीच पहिली आणि कधी कधी एकमेव तक्रार असते. अशा वेळी घरच्यांना ॲलर्जी हा शब्द ऐकून आश्चर्य वाटते, कारण ‘बाकी अंगावर तर काहीच नाही’.

आत नेमके काय होते ते पाहू. कुत्र्याची कर्णनलिका आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. हवा खेळत नाही, ओल साचते. निरोगी कानात त्वचेच्या मेलेल्या पेशी हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत राहतात आणि मळ आपोआप वर येतो. ॲलर्जीने अस्तर सुजले की ही सरकती सफाई मंदावते, मेणाच्या ग्रंथी जास्त पाझरतात, नळी अरुंद होते, आत ऊब आणि तेल वाढते. मालासेझिया स्निग्धावर जगणारे यीस्ट आहे. असली जागा मिळाली की ते झपाट्याने वाढते, त्याच्या स्रावांनी सूज आणखी वाढते, आणि सुजेने त्याला पुन्हा जागा मिळते. काही ॲटोपिक कुत्र्यांना तर खुद्द या यीस्टचीच ॲलर्जी असते, हे १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्वचेवरच्या चाचण्यांतून दिसले. अशा कुत्र्यात थोडेसे यीस्टही पुरते.

म्हणूनच स्लाइडवरची मोजणी एकट्याने निकाल देत नाही. तरी ती चाचणी इतकी सोपी आणि स्वस्त आहे की न करण्याचे कारण नाही. कानातला मळ कापसाच्या काडीवर घ्यायचा, काडी काचेवर हलकेच फिरवायची, वाळवून रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायचे. जांभळ्या रंगाच्या, मध्ये आवळलेल्या, दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या पेशी दिसल्या की ते मालासेझिया. ४०० पट मोठे करून पाहताना एका दृश्यक्षेत्रात दोनपर्यंत पेशी चालतात, पाच किंवा जास्त असल्या तर गडबड, असा ढोबळ हिशेब वापरतात. गोल कोकाय किंवा काडीसारखे जीवाणू दिसले तर औषध बदलते. काच न पाहता नुसत्या वासावरून ड्रॉप्स लिहून देणे अजूनही सर्रास चालते, आणि कान वारंवार उलटण्यात त्याचाही हात आहे.

आता औषधांकडे. जुन्या इंग्रजी पशुवैद्यकीय पुस्तकांत कानाच्या सगळ्या दुखण्यांना मिळून ‘कँकर’ म्हणत. माइट्स असोत, पू असो की बुरशी, उपाय बोरिक पावडरसारखेच. १९५०च्या आसपास दोन गोष्टी जवळजवळ एकदम हाती आल्या. एक म्हणजे कॉर्टिझोन, ज्यासाठी १९५०चे नोबेल मिळाले. दुसरी निस्टॅटिन, न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी मातीतल्या जीवाणूपासून शोधलेले बुरशीविरोधी औषध. त्याच्या पेटंटचे पैसे दोघींनी स्वतः न घेता संशोधनाला दिले. मग स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये घालून कानाची मलमे निघाली. निस्टॅटिनच्या जागी पुढे क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, टर्बिनाफिन आले, पण ‘तीन इन वन’ हा साचा आजही तोच आहे.

माझ्या मते या साच्याच्या यशानेच मूळ प्रश्न झाकला गेला. स्टेरॉइड ॲलर्जीची सूज उतरवते, बाकीचे दोन जंतू मारतात. आठवड्याभरात कान छान दिसतो आणि नेमके कशाने बरे वाटले ते कुणालाच कळत नाही. यीस्ट दिसले, यीस्ट गेले, कान बरा झाला, म्हणजे यीस्टच कारण. हा तर्क इतका सरळ दिसे की पुढचा प्रश्न विचारायची गरज कुणाला भासली नाही.

सर्जनांचेही तसेच झाले. झेप यांनी १९४९ मध्ये कानाच्या उभ्या नळीची बाहेरची भिंत काढून हवा आणि निचरा मिळवून देणारी शस्त्रक्रिया मांडली. ती खूप गाजली आणि खूप केली गेली. ज्या कुत्र्याची ॲलर्जी तशीच राहिली त्याची आतली आडवी नळी नंतर सुजतच राही. कॉकर स्पॅनियलमध्ये तर हे ऑपरेशन वारंवार फसे. वर्षानुवर्षे सुजलेल्या कानाची भिंत जाड होते, तिच्यात चुना साठतो, आणि मग सगळी नळीच काढून मधल्या कानाची पोकळी साफ करण्याचे मोठे ऑपरेशन उरते. त्या वाटेत चेहऱ्याची नस असते. ते शेवटचा उपाय म्हणूनच करायचे.

तिन्ही वाटा एकत्र आणणारे लिखाण १९८८ मधले. जॉन ऑगस्ट यांनी बाह्यकर्णदाह हा एका कारणाचा आजार नाही, असे मांडून कारणांची उतरंड लावली. कान बिघडायला पोषक गोष्टी, म्हणजे लोंबते कान, आतले केस, पोहणे. प्रत्यक्ष सुरुवात करणाऱ्या गोष्टी, म्हणजे ॲलर्जी, माइट्स, कानात गेलेले कुसळ. आणि सुरू झालेले दुखणे चालू ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे यीस्ट, जीवाणू. या मांडणीत यीस्ट पहिल्या रांगेतून मागे गेले. त्याला मारायचे नाही असे नव्हे. पण त्याला मारून काम संपत नाही, हे प्रथम नीट कागदावर आले.

या यीस्टला किरकोळ मानू नये याची एक आठवण १९९८ मध्ये मिळाली. अमेरिकेतल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १५ बाळांमध्ये हेच कुत्र्याचे यीस्ट सापडले. तोच वाण एका कर्मचाऱ्याच्या हातावर आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्या काही कुत्र्यांवरही होता. हात धुण्याचे नियम कडक केल्यावर प्रकार थांबला. धडधाकट माणसाला घरच्या कुत्र्याच्या कानापासून घाबरायचे कारण नाही. औषध घातल्यावर हात मात्र साबणाने धुवावेत.

ॲलर्जीवरची औषधे २००० नंतर भराभर आली. अमेरिकेत कुत्र्यांसाठी सायक्लोस्पोरिनला २००३ मध्ये आणि ओक्लासिटिनिबला २०१३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यामागोमाग इंटरल्युकिन-३१ या खाजेच्या संदेशवाहकाला अडवणारे लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन आले. खाज थांबवण्यात ही औषधे चांगली आहेत, पण खाज थांबली म्हणजे कानातली सूज उतरलीच असे नाही. त्यामुळे महागडे इंजेक्शन घेऊनही कान चिघळणारी कुत्री दिसतात. कान बरा झाल्यावरही आठवड्यातून दोनदा सौम्य स्टेरॉइडचे थेंब चालू ठेवणे आणि ठरावीक दिवसांनी कान धुणे, हा साधा उपाय अशा वेळी जास्त कामाचा ठरतो.

आपल्याकडे दोन गोष्टींची भर पडते. पहिली हवा. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमटपणात धुळीतले माइट्सही सुखी आणि यीस्टही, त्यामुळे पावसाळ्यात दवाखान्यांत वास येणाऱ्या कानांची रांग लागते. दुसरी म्हणजे मेडिकलच्या दुकानातून माणसांचे कानाचे ड्रॉप्स चिठ्ठीशिवाय आणण्याची सवय. कधी कधी व्हेट स्वतःच तेच लिहून देतात, त्यात गैर नाही. पण पडदा फाटला आहे का हे आत न पाहता घातलेल्या काही औषधांनी कुत्र्याला बहिरेपणा येऊ शकतो. शिवाय अर्धवट सोडलेल्या कोर्सचा हिशेब आता वर येऊ लागला आहे: क्लोट्रिमॅझोलसारख्या ॲझोल गटातल्या औषधांना दाद न देणारे मालासेझियाचे वाण जपान आणि इटलीतून नोंदले गेले आहेत.

वर्षभर कान चिघळत असेल तर अन्नाची चाचणी करून पाहावी लागते, आणि घरोघरी घोडे अडते ते इथेच. रक्ताच्या तपासणीने अन्नाची ॲलर्जी खात्रीने कळत नाही. किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेले किंवा खास प्रक्रिया केलेले एकच अन्न द्यायचे. कुत्र्यांत बीफ, दूध, चिकन आणि गहू यांची ॲलर्जी जास्त आढळते, आणि आपल्याकडच्या कुत्र्याचे ताट म्हणजे चिकन-भात, दूध-पोळी, वर दह्याचा चमचा. त्यात आजोबा चहाबरोबर बिस्कीट टाकतात, त्याची नोंद कुठेच नसते. हे सगळे सांभाळून आठ आठवडे पार पडले, कान सुधारला, तरी निदान पक्के होत नाही. जुने खाणे मुद्दाम पुन्हा सुरू करून खाज परत येते का हे पाहावे लागते. कान नुकताच बरा झालेला असताना ही पायरी करायला फारच थोडी घरे तयार होतात.