गोधडीच्या पोटातली गोधडी

गेल्या चैत्रात घरातली एक जुनी गोधडी उसवायला घेतली. आजीच्या हातची. वरचा कपडा विरला होता, कडांच्या चिंध्या झाल्या होत्या. आई म्हणाली, नुसती वरून खोळ चढवू नकोस, टाके काढ आणि आत काय आहे ते बघ. वरच्या थरात फुलाफुलांचं वॉयलचं पातळ निघालं. त्याखाली आजोबांच्या धोतराची दोन पानं. त्याखाली इरकली लुगड्याचा तुकडा, काठाचा लाल रंग अजून शाबूत. आणि अगदी मधोमध, सगळ्यांनी वेढलेली, आणखी एक गोधडी! तिचे टाके बोटबोट अंतरावरचे, दोरा जाड, आणि कापड इतकं जीर्ण की उचललं तर हातात भुगा यावा. ती बहुधा पणजीची.

दोनशे वर्षांपूर्वीची गोधडी सहसा कुठे बघायला का मिळत नाही, याचं उत्तर त्या दुपारी मांडीवर पडलं होतं. गोधडी फाटली की टाकत नाहीत, ती पुढच्या गोधडीच्या पोटात जाते. त्यामुळे तिचा इतिहास शोधायचा तर तो शब्दांतून, कापडाच्या इतिहासातून आणि शिवणाऱ्या बायकांच्या हातांतूनच शोधावा लागतो.

शब्द पुष्कळ जुने आहेत. संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला कंथा म्हणत. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर जीर्ण तुकड्यांची कंथा येते. शंकराचार्यांच्या नावावरच्या चर्पटपंजरी स्तोत्रातला संन्यासी तर रस्त्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करून आपली कंथा करतो. तुकोबांचं 'वृक्षवल्ली' आपण लहानपणापासून ऐकतो; त्यात अंगाला लागणाऱ्या वस्तू दोनच सांगितल्या आहेत, कंथा आणि कमंडलू. म्हणजे तुकोबांना रानात न्यावंसं वाटलं ते पांघरूण गोधडीच्याच जातीचं. बंगालात हाच शब्द 'कांथा' म्हणून आजही घरोघर आहे. आपल्याकडे मात्र गोधडी आणि वाकळ हे शब्द रुळले. कोल्हापूर-सांगली-सातारकडे वाकळ जास्त ऐकू येते.

बौद्ध भिक्खूंची चीवरं, म्हणजे त्यांची अंगावरची वस्त्रं, याच्याही मागे नेतात. उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे धुऊन शिवलेल्या चीवराला पांसुकूल म्हणत. मगधातली बांधाबांधांनी विभागलेली भातशेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला तशाच आखणीचं चीवर करायला सांगितलं, असं भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयपिटकात आहे. चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांतून ऑरेल स्टाइन यांनी 1907 मध्ये जे साहित्य नेलं, त्यात रेशमाचे तुकडे जोडून केलेलं असं एक वस्त्र होतं. हजार वर्षांहून जुनं ते वस्त्र आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लेण्याच्या बंद खोलीत राहिलं म्हणून वाचलं. अंगावर राहिलं असतं तर तेही गेलं असतं.

टिकलं ते श्रीमंतांचं. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालातल्या सातगावच्या परिसरात पोर्तुगीजांसाठी पांघरुणं भरली जात. पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर रानटी रेशमाचे बारीक टाके, त्यांत जहाजं, शिकारी, बायबलातले प्रसंग. पोर्तुगीज त्यांना 'कोल्शा' म्हणत. ती आज लंडन-लिस्बनच्या संग्रहालयांत आहेत. त्याच काळात यान हायखेन फान लिन्सखोटेन नावाचा डच माणूस गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. तो 1583 मध्ये गोव्यात आला आणि त्याचं प्रवासवर्णन 1596 मध्ये छापलं गेलं. गुजरातेतल्या खंबायत बंदराच्या मालाबद्दल लिहिताना तो रेशमाने शिवलेल्या सुंदर पांघरुणांची नोंद करतो आणि त्यांना तिथे 'गोदोरीन' म्हणतात, असं सांगतो. गोदडी, गोधडी! युरोपियन कानांनी टिपलेला आपलाच शब्द. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण तोवर चिंध्यांच्या पांघरुणाचा आणि विकायच्या देखण्या पांघरुणाचा शब्द एकच होता हे त्यातून कळतं.

मराठी मुलखात विकत मिळणारं पांघरूण म्हणजे पासोडी. पुण्यातल्या पासोड्या विठोबाला हे नाव पडलं ते तिथे पासोड्यांचा बाजार भरे म्हणून. आणि पासोडी किती मोठी असू शकते हे बघायचं तर अंबाजोगाईला जावं. संतकवी दासोपंतांनी (1551–1615) आपलं वेदान्तावरचं 'पंचीकरण' कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिलं. सुमारे 24 हात लांब आणि अडीच हात रुंद. पोथीची पानं कसर खाते, पण घरच्या जाड कापडावरची अक्षरं चारशे वर्षं राहिली.

घोंगडीही विकतचीच. मेंढ्या धनगरांच्या, विणकर सणगर, आणि बाजार आठवड्याचा. रजई, दुलई, गादी यांना पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस लागे, म्हणजे पुन्हा पैसा. गोधडीला यातलं काहीच लागत नव्हतं. कापूस नाही, विणकर नाही, बाजार नाही. घरातलं जुनं कापड, सुई आणि दोरा. ज्या खानदेश-वऱ्हाडात कापूस पिकतो तिथेही गरिबाच्या घरात कापूस न भरता गोधडीच शिवली गेली, कारण पिकलेला कापूस विकायचा असतो. शिवाय आपल्याकडची कडाक्याची थंडी दोन-तीन महिन्यांची. कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा तेवढ्याला पुरते, आणि उरलेलं वर्षभर तीच गोधडी अंथरायला होते. भरलेली रजई अंथरली तर कापसाच्या गुठळ्या होतात. गोधडी मात्र धुता येते, दगडावर बडवता येते. नवरात्राआधी नदीवर धुतलेली ओली गोधडी पिळायला दोघी लागतात, एक या टोकाला आणि एक त्या.

शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. सुगी संपलेली, पेरणी लांब. ओसरी झाडून-सारवून त्यावर खालचा कपडा अंथरायचा, त्यावर जुनी लुगडी, धोतरं, सदऱ्यांचे उसवलेले भाग पसरायचे, मोठी भोकं ठिगळांनी बुजवायची आणि वरून घरातलं त्यातल्या त्यात चांगलं पातळ घालायचं. मग चारी बाजूंनी टाचून घ्यायचं. टाका एकच, धावदोरा. पण तो कुठून कुठे धावतो यात घराघराची पद्धत दिसते. कुणी सरळ समांतर ओळी घालतं. कुणी कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत जातं. बाई गोधडीवरच बसते आणि दोऱ्याबरोबर स्वतः फिरत जाते. आजीच्या गोधडीतला दोरा असाच चौकोनी फिरत होता. एका कोपऱ्यात टाके एकदम बारीक आणि वाकडे झाले होते. आई म्हणाली, ते माझे, मी तेव्हा सात वर्षांची होते.

कडेकडून मध्याकडे जाणारी ही रीत पाहायची तर उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकांच्या हातात पाहावी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. त्यांतले बरेच गोव्यात पोर्तुगीजांकडे होते आणि तिथून पळून ते हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या जंगलात वसले. त्यांच्या बोलीत कोकणी मुरलेली आहे. गोधडीला ते कवंदी म्हणतात. कवंदीत रंगीत तुकडे आधी जोडून ठेवत नाहीत, शिवता शिवताच एकेक दुमडून लावत जातात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणी चिंध्या बसवतात. त्यांना 'फुलं' म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी, असं त्या मानतात.

कापड महाग असेपर्यंत गोधडीला एकेक तुकडा वर्षानुवर्षं साठवावा लागे. हे बदललं गिरण्यांमुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली, 1856 मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि पुढच्या काही दशकांत मुंबईपाठोपाठ सोलापूरही गिरणगाव झालं. गिरणीचं लुगडं, मांजरपाट, छापील चीट खेड्यात पोचलं. गोधडीत रंग वाढले ते तेव्हापासून. रिळाचा दोरा मिळू लागल्यावर टाकाही बारीक झाला. पणजीच्या आणि आजीच्या टाक्यांमधला फरक बराचसा या दोऱ्याचा आहे. पुढे सोलापुरी चादर घरोघर गेली, पण तिने गोधडीची जागा घेतली नाही. चादर पाहुण्यांना, गोधडी घरच्यांना, अशी वाटणी झाली.

याच काळात गोधडी एका माणसाचं नाव झाली. शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी जानोरकर घर सोडून निघाले, ते चिंध्यांचं ठिगळठिगळ पांघरूण अंगावर आणि हातात गाडगं घेऊन. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत, तसंच चिंधेबुवा आणि गोधडेबुवाही म्हणत. जुन्या कंथेशी त्यांचा धागा सरळ जुळतो. फरक एवढाच की ते रानात गेले नाहीत, गावात येऊन झाडू हातात घेतला.

खरी अडचण आणली टेरिलीन-पॉलिस्टरने. 1970 नंतर नायलॉनची, मग सिंथेटिक साडी स्वस्त झाली, इस्त्री नको, लवकर वाळते, वर्षानुवर्षं फाटत नाही. बायकांना तिने मोठा आराम दिला, त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण गोधडीला लागतं ते विरलेलं, मऊ झालेलं, घाम शोषणारं सुती कापड. सिंथेटिक साडी विरत नाही, घसरते, थर एकमेकांवर टिकत नाहीत आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटते. त्यात 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर कित्येक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्याच नाहीत. स्वस्त सुती लुगड्या-धोतरांचा ओघ आटला. मग पानिपतची ब्लँकेटं आली, हलकी, गुबगुबीत, दोनशे-तीनशे रुपयांना. लग्नात रुखवतावर गोधडी ठेवण्याऐवजी ब्लँकेटचा प्लास्टिकचा डबा दिसू लागला.

बाळासाठी दुपटं मात्र अजूनही लोकांना जुन्याच कापडाचं लागतं. बहुतेक त्याच वाटेने गोधडी परत आली. आता बचत गटांच्या बायका ऑर्डर घेऊन गोधड्या शिवतात, शहरातून मागणी येते, परदेशातल्या नातवंडांसाठी पार्सलं जातात. जी वस्तू कधी विकली गेली नव्हती तिला फुटावर भाव लागला, आणि शिवणारीच्या हातात तिचे पैसे पडू लागले. हे मला फार चांगलं वाटतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात गोधड्या शिवून द्यायला येणाऱ्या मावशी पहिला प्रश्न विचारतात तो मापाचा नसतो. 'सुती पातळ किती हाएत घरात?' कपाटं उघडली की बहुतेकांकडे एक-दोनच निघतात. मग दुकानातून नवं मलमल आणायचं, आणि मावशी ते तीनदा धुऊन, उन्हात वाळवून, हाताला मऊ लागल्याशिवाय सुई घालत नाहीत.

आजीच्या गोधडीला मी नवा थर दिला, तो आईच्या एका सुती साडीचा. मधली पणजीची गोधडी तशीच आत आहे.