टायर खाणे

मोटारगाडीच्या टायरची झीज सगळीकडे सारखी न होता एकाच कडेने, फक्त मधोमध किंवा ठिगळाठिगळाने होणे, याला ‘टायर खाणे’ म्हणतात. विदर्भात फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ही तक्रार ‘गाडी टायर खाऊन रायली’ अशी येते आणि दोष बहुधा टायरच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात टायर कुठे झिजले आहे, यावरूनच कारण बरेचसे कळते.

दोन्ही कडा गेल्या आणि मधली नक्षी शाबूत असली, तर गाडी कमी हवेवर चालली आहे. मधला पट्टा गोटा झाला, तर हवा जास्त होती. ‘गाडी हलकी पळते’ म्हणून ४० पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) मारून घेणाऱ्यांकडे हा प्रकार हमखास दिसतो. एकच कड गेली की अलाइनमेंटकडे, म्हणजे चाके सरळ रेषेत आहेत का याकडे, पाहावे : पुढची चाके समोरून एकमेकांकडे वळलेली असली तर बाहेरची कड झिजते, फाकलेली असली तर आतली. आतली कड फसवी, कारण स्टेअरिंग पूर्ण वळवून वाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. मुरलेला मिस्त्री आधी हात लावतो. तळवा नक्षीवरून आडवा फिरवला की एका दिशेने गुळगुळीत लागते, उलट फिरवताच करवतीसारखे टोचते. तेव्हा चाके तिरपी घासत आहेत. ठिगळासारखे खड्डे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडे सारखे आहे का, ते तपासावे.

बॅलन्सिंगच्या बाबतीत काळ्या मातीचा एक खास त्रास आहे. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि वाळून दगडासारखा बसतो. मग डांबरी रस्त्यावर वेग घेताच स्टेअरिंग थरथरते. बॅलन्सिंगचे पैसे मोजण्याआधी रिम आतून धुऊन पाहावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. कापूस-तुरीच्या वावरातली तासून राहिलेली खुंटे हा वेगळाच विषय. ती टायरच्या बाजूला घुसली तर पंक्चर काढून उपयोग नसतो, टायरच बदलावे लागते.

हवेचा योग्य आकडा टायरवर शोधू नये. टायरवर असते ती कमाल मर्यादा. गाडीसाठीचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. बऱ्याच गाड्यांत तो एकट्या-दुकट्यासाठी वेगळा आणि भरल्या गाडीसाठी वेगळा दिलेला असतो. लग्नसराईत सगळे घर कोंबून निघणाऱ्यांनी दुसरा पाहावा. हे आकडे थंड टायरचे आहेत. तापमान साधारण ५ ते ६ अंश सेल्सिअसने बदलले की दाब सुमारे १ पीएसआयने बदलतो. अकोला-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, त्यात चालून आलेले टायर आणखी तापलेले. अशा वेळी मीटरचा वाढलेला आकडा पाहून हवा सोडणे ही सर्वांत मोठी चूक. टायर निवले की दाब आवश्यकतेपेक्षा खाली जातो, कमी हवेचे टायर चालताना जास्त दबते-फुगते आणि त्यानेच जास्त तापते. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे; तिथे हे तापणे टायर फुटण्यापर्यंत जाऊ शकते. हवा सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना तपासावी.

टायर बदलताना माप वाचता यावे. १८५/६५ आर १५ ८८ एच यात १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल पद्धतीची बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. १६५/८० आर १४ हे माप दिसायला बरेच वेगळे, पण दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास ६२० मिलिमीटरच भरतो. म्हणून एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या गाडीत ही दोन मापे आढळतात. रुंदीच्या हौसेपायी व्यास बदलला, तर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो.

मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. खोबणीतल्या रबरी उंचवट्याच्या पातळीला नक्षी आली की टायर संपले. स्टेपनीची नक्षी मात्र वर्षानुवर्षे नवीच दिसते. तिच्या बाजूवरचे चार आकडे पाहावेत : २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३ वा आठवडा. एवढ्या जुन्या रबराला भेगा गेल्या आहेत का, हे बोटाने दाबून पाहावे.