लावलेला ट्यूमर आणि उगवलेला ट्यूमर, दोन्ही एक नाहीत

"आम्ही इम्युन सिस्टिम शाबूत असलेले उंदीर वापरले" असं वाक्य पेपरमध्ये दिसलं की लोक निर्धास्त होतात आणि पुढचं सगळं लिव्हर कॅन्सरला लागू धरतात. माझा जीव नेमका तिथेच अडकतो, कारण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

न्यूड माऊसबद्दल नव्याने सांगायला नको. थायमस ही ग्रंथी नाही म्हणून टी सेल्स, म्हणजे परकं ओळखून मारणाऱ्या पेशी, नाहीत, एनएसजी जातीच्या उंदरात तर बी आणि एनके या बाकीच्या संरक्षक सेल्सही नाहीत, त्यामुळे माणसाच्या पेशी तिथे बिनविरोध वाढतात. औषध कॅन्सरच्या पेशीला थेट मारतंय का एवढंच बघायचं असेल तर ठीक, पण टी सेल्सना जागं करणाऱ्या औषधाचा प्रश्न त्या उंदराला विचारायचाच नाही. आणि जाता जाता, लॅबमध्ये वाढवलेल्या हेपजी२ पेशींना हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, म्हणजे मोठ्यांचा नेहमीचा लिव्हर कॅन्सर, म्हणणं आता तरी थांबवा, ती १५ वर्षांच्या मुलाच्या हेपॅटोब्लास्टोमाची, म्हणजे मुलांमधल्या वेगळ्या लिव्हर कॅन्सरची, लाइन आहे.

आता शाबूत उंदरांकडे येऊ. लावलेला ट्यूमर म्हणजे डिशमध्ये वाढवलेल्या हेपा१-६सारख्या उंदराच्याच पेशी, लाखोंच्या संख्येत सी५७बीएल/६ उंदराच्या कुशीत कातडीखाली टोचायच्या, की थोड्याच दिवसांत बोटाला गाठ लागते. उगवलेला म्हणजे उंदराच्या स्वतःच्या लिव्हरच्या पेशीच तिथल्या तिथे बिघडवायच्या. एक जुना रस्ता डीईएन या कॅन्सर घडवणाऱ्या रसायनाचा: १४ दिवसांच्या नर पिल्लाला एक इंजेक्शन आणि मग ८-१० महिने थांबायचं. दुसरा हायड्रोडायनॅमिक इंजेक्शनचा: शरीराच्या वजनाच्या १० टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला तब्बल २ मिली सलाइन, त्यात प्लाझ्मिड, म्हणजे हवे ते जीन घातलेली डीएनएची कडी, आणि हे सगळं शेपटीच्या शिरेतून ५-७ सेकंदांत. हृदयाला एवढं पाणी पुढे ढकलता येत नाही, ते उलटं लिव्हरमध्ये शिरतं आणि थोड्या हेपॅटोसाइट्समध्ये, म्हणजे लिव्हरच्या मुख्य पेशींमध्ये, डीएनए जातो. स्लीपिंग ब्यूटी ट्रान्सपोझॉन, म्हणजे उडी मारणारा डीएनएचा तुकडा, कॅन्सर वाढवणारा मिक जीन क्रोमोझोममध्ये बसवतो, क्रिस्पर ही जीनची कात्री कॅन्सर रोखणारा पी५३ मोडते, आणि काही आठवड्यांत ट्यूमर.

वेळ किती लागतो, कॅलिपरने मोजता येतं की अल्ट्रासाउंड लागतो, हे फरक सोयीचे आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक ओळखीचा आहे, म्हणजे टी सेल्सची आणि ट्यूमरची पहिली भेट कुठे आणि कशी झाली. लाखो पेशी एकदम टोचल्या की त्यातल्या कितीतरी लगेच मरतात, त्यांचे तुकडे डेंड्रिटिक सेल्स, म्हणजे टी सेल्सना शत्रू दाखवणाऱ्या पेशी, उचलून लिम्फ नोडमध्ये नेतात, आणि न मागता लस दिल्यासारखं होतं, टी सेल्स तयार होऊन बसतात. मग अँटी-पीडी-१, म्हणजे टी सेल्सचा ब्रेक काढणारं औषध, दिलं आणि गाठ विरघळली तर त्यात नवल काय? त्यात हेपा१-६ मुळात आली सी५७एल जातीच्या उंदरातून, आणि टोचतात सी५७बीएल/६मध्ये. जाती जवळच्या आहेत पण एक नाहीत, आणि ही गाठ कधीकधी औषधाशिवायही आपोआप विरते हे काम करणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. तरी तिला बिनदिक्कत सिन्जेनिक, म्हणजे त्याच जातीची, म्हणतात, याचा मला खरंच त्रास होतो.

उगवलेल्या ट्यूमरमध्ये उलटं घडतं. मोजक्या पेशी बिघडतात, हळूहळू वाढतात, आणि तेही अशा अवयवात ज्याची सवयच सोसण्याची आहे. लिव्हरला येणारं साधारण तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून पोर्टल व्हेनने येतं, त्यात अन्नाचे आणि बॅक्टेरियाचे अंश असतात, प्रत्येकावर चवताळून चालणारच नाही. १९६९मध्ये रॉय काल्न यांच्या टीमने दाखवलं की डुकरांमध्ये परक्या डुकराचं लिव्हर इम्युनिटी दाबणारी औषधं न देताही टिकू शकतं. अशा ठिकाणी टी सेलला ट्यूमर पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो पेटत नाही, मंदावतो. २०१६मध्ये लिव्हरमध्येच ट्यूमर सुरू करता येणाऱ्या उंदरांत दिसलं की हे मंदावणं कॅन्सर पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी, सुरुवातीच्या बिघाडातच होतं.

म्हणून काही उत्तरं फक्त उगवलेल्या मॉडेलमध्येच मिळतात. २०१९मध्ये हायड्रोडायनॅमिक मॉडेल वापरून दाखवलं गेलं की बीटा-कॅटेनिन हे वाढीचा इशारा देणारं प्रोटीन चालू असलेले ट्यूमर डेंड्रिटिक सेल्सना जवळ येऊ देत नाहीत आणि अँटी-पीडी-१ला दाद देत नाहीत. २०२१मध्ये फॅटी लिव्हरच्या सूजेतून कॅन्सर झालेल्या उंदरांत अँटी-पीडी-१ने ट्यूमर कमी होण्याऐवजी वाढले, कारण तिथले सीडी८ सेल्स, म्हणजे मारेकरी टी सेल्स, लिव्हरलाच इजा करत होते. कुशीतल्या गाठीला विचारून हे कळलं असतं का? तिथे सुजलेलं लिव्हरच नाही.

मग लोक म्हणतात, आम्ही हेपा१-६ थेट लिव्हरमध्ये टोचतो की. जागा सुधारली, मान्य, पण ओळख तीच राहिली, लाखो पेशींची एकदम. घाईच्या पहिल्या चाचणीला चालेल, निष्कर्षाला नाही. मला विचाराल तर इम्युनोथेरपीच्या प्रश्नाला हायड्रोडायनॅमिकच घ्या, जीन आपल्या हातात राहतात. डीईएन एकटं घेतलं तर ट्यूमरच्या आजूबाजूला माणसात बहुतेक वेळा असतं तसं फायब्रोसिस झालेलं, म्हणजे व्रणासारखं घट्ट झालेलं, लिव्हर मिळत नाही, त्यासाठी वर कार्बन टेट्राक्लोराइडसारखं काहीतरी द्यावं लागतं.

हायड्रोडायनॅमिक घेतलंत तर दोन गोष्टी सांभाळा. त्या दाबाने लिव्हरला स्वतःची इजा होते, एएलटी हे लिव्हरच्या इजेचं रक्तातलं मोजमाप वर जाऊन मग उतरतं, तेव्हा तुलनेसाठी रिकाम्या प्लाझ्मिडचा गट हवाच. आणि ट्यूमर कॅमेऱ्यात चमकावा म्हणून ल्युसिफरेज घालण्याआधी थांबा, ते काजव्याचं प्रोटीन आहे, उंदराच्या टी सेल्सना पूर्ण परकं, आणि तुमचा ट्यूमर औषधाने गेला की काजव्यामुळे हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.